संदर्भ : आपला हटवलेला संदेश

पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी आमच्या ग्रुपवर आप्पांचा मेसेज पडला : ‘साफ खोटे. सदर रस्ता आपल्या आजोबांनी बांधलेला नसून १९७२ च्या दुष्काळी कामावरील मजुरांनी बांधला आहे. त्या मजुरांत माझी आई होती. कळावे.’

साडेसहाला लोक उठले. वर करड्या अक्षरांत ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढीच ओळ, आणि खाली आप्पा. कोणता रस्ता, कोणाचे आजोबा, कशालाच पत्ता नाही. सुरतेला असलेल्या एकाने विचारलं, ‘आप्पांची तब्येत बरी आहे ना?’ पहूरच्या एकाने नेहमीप्रमाणे न वाचता गुलाबाचं फूल पाठवलं. दहा वाजेपर्यंत निम्म्या जामनेरची खात्री झाली, की आप्पा आता झोपेत भांडायला लागले.

आप्पा ११ वाजता माझ्या दुकानात आले. माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, जुन्या पी.जे. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काउंटरवर मोबाईल ठेवून म्हणाले, “दोनशे पानी फुलस्केप रजिस्टर दे भो. पुठ्ठ्याचं. आता हे आपल्यालाच करावं लागेल.”

‘हे’ म्हणजे काय, ते कळायला आप्पा कळायला हवेत.

आप्पा महसूल खात्यातून निवृत्त. ३१ वर्षं बारनिशीला काढली. कचेरीत आलेला कागद आवकच्या रजिस्टरला चढतो, गेलेला जावकला, आणि मधल्या काळात तो कुठे होता हे फक्त देवाला आणि बारनिशीच्या कारकुनाला ठाऊक असतं. आप्पांच्या मनाची घडण या नोकरीत पक्की झाली. जगात आधी आवक, मग जावक. कुणी काही म्हटलं तर आप्पा उत्तर देणार. कुणी काहीच म्हटलं नाही तर आप्पा तिन्हीत्रिकाळ गप्प. ओट्यावर चार जण बसलेले असताना त्यांनी स्वतःहून विषय काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही “काय ऊन पडलं आज” म्हणालात, की मग मात्र “उन्हाबाबत सांगायचं तर” अशी सुरुवात होऊन गाडी वाघूर धरणाच्या पातळीपर्यंत जाते.

काकू म्हणतात, “लग्नाला ४२ वर्षं झाली. या माणसाने आपणहून एक वाक्य म्हटलं नाही. मी विचारते, हे उत्तर देतात. मी नाही विचारलं तर घरात पंख्याचाच आवाज.” एकदा भरीत कसं झालंय हे विचारायचं त्यांनी मुद्दाम टाळलं. हिवाळ्यातलं, काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. आप्पांनी तीन भाकरी खाल्ल्या, हात धुतला आणि पडवीत जाऊन बसले. आवक नव्हती.

अशा माणसाच्या हातात पोराने स्मार्टफोन दिला. सगळं जग सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही म्हणतंय आणि प्रत्येकाला उत्तर द्यायची सोय आहे, हे पाहून आप्पांना पहिले काही महिने अन्न गोड लागेना. एका बोटाने, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत ते टाइप करतात. एका मध्यम उत्तराला ४० मिनिटं. लांबलचक असेल तर मध्ये चहा.

इथेच आमच्या दुसऱ्या पात्राचा प्रवेश होतो. त्याला आम्ही ‘भावी’ म्हणतो. गेल्या तीन निवडणुका तो भावी नगरसेवक आहे. चौकात फलक त्याचाच असतो, फक्त फोटोतले केस दरवेळी काळे होत जातात. भावीची पद्धत अशी : रात्री ११ च्या पुढे एक दणदणीत पोस्ट टाकायची. आजोबांनी बांधलेला रस्ता, वडिलांनी आणलेली शाळा, स्वतः रोखलेला पूर. मग वारा कुठून वाहतोय ते बघायचं. अंगठे वर आले तर ठेवायचं. कुणी पुरावा घेऊन येताना दिसला, की डिलीट मारायचं आणि सकाळी सुप्रभात.

व्हॉट्सॲपवर सगळ्यांच्या मोबाईलमधून मेसेज काढायची सोय २०१७ मध्ये आली तेव्हा मुदत फक्त ७ मिनिटांची होती. आप्पा त्याला सुवर्णकाळ म्हणतात. ते उत्तर टाइप करून होईपर्यंत भावीची मुदत कधीच टळलेली असायची आणि पोस्ट दगडावरच्या रेघेसारखी पक्की. पुढच्या वर्षी मुदत तास-सव्वातासाची झाली. तरीही आप्पांची ४० मिनिटं आणि भावीची सव्वातासाची मुदत अशी शर्यत तुल्यबळ होती. २०२२ च्या ऑगस्टात मुदत दोन दिवसांच्या वर गेली आणि आप्पांचं राज्य बुडालं. दोन दिवसांत माणूस मुंबईला जाऊन येतो. एक पोस्ट पुसायला काय लागतं!

उत्तर उरायचं आणि प्रश्न गायब. म्हणजे बाजारात उभं राहून एकटाच माणूस हातवारे करी राहिला, असं दृश्य.

पुण्याच्या भाच्याने मग तोडगा सांगितला. मेसेज बोटाने उजवीकडे ओढायचा, म्हणजे तो आपल्या उत्तराच्या डोक्यावर चौकटीत येऊन बसतो. मूळ मेसेज पुसला तरी चौकटीतला तसाच राहतो. आप्पांनी तो चौकोन पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. “अरे, हा तर संदर्भ! ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक.’ काबरं नाही सांगितलं कुणी इतके दिवस?”

पण भावीला कमी समजू नका. चौकटीत पहिल्या चार-दोन ओळीच दिसतात, हे त्याने आठवड्यात हेरलं. त्यानंतर त्याच्या प्रत्येक पोस्टची सुरुवात ‘सर्व ज्येष्ठ, श्रेष्ठ, माता-भगिनी आणि तरुण मित्रांना सविनय नमस्कार, आपणा सर्वांच्या आशीर्वादाने’ अशी व्हायला लागली. डिलीट मारल्यावर आप्पांच्या उत्तराच्या डोक्यावर उरायचा फक्त नमस्कार. आणि खाली आप्पांचं : ‘साफ खोटे.’

नमस्काराला ‘साफ खोटे’ म्हणणारा माणूस अशी त्यांची कीर्ती शेंदुर्णीपर्यंत गेली.

आप्पांना खरा घाव मात्र फेसबुकने घातला. एकाने पी.जे. गाडीचा जुना फोटो टाकून ‘ही गाडी इंग्रजांनी फिरायला बांधली’ असं काहीतरी लिहिलं. पी.जे. म्हणजे पाचोरा-जामनेर. अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटरची वाट, गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरची. आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात ती गाडी कुठे ना कुठे शिरलेली आहे. आप्पा तिने कॉलेजला गेले, काकू तिने नांदायला आल्या. मार्च २०२० मध्ये कोरोनाने सगळ्या गाड्या थांबवल्या, तशी हीही थांबली. मोठ्या रुळांचं काम निघालं आणि ती छोटी गाडी काही परत आली नाही. आप्पांनी त्या पोस्टखाली तीन तास खपून लिहिलं : कपाशी कशी जायची, इंजिनात पाणी कुठे भरायचे, चढाला गाडी दमली की पोरं उतरून कशी बाजूने चालायची. दोनशेवर लोकांना ते आवडलं. चौथ्या दिवशी पोस्टवाल्याने कंटाळून पोस्ट काढली.

फेसबुकवर पोस्ट गेली की खालची उत्तरंही तिच्यासोबत जातात. आप्पांना हे ठाऊक नव्हतं. ते ओट्यावर येऊन बसले तेव्हा गारपिटीनंतर केळीच्या बागेत उभा असलेला शेतकरी दिसतो तसे दिसत होते. मी “काय झालं?” विचारलं तेव्हा कुठे बोलले.

“घर त्याचं होतं, कबूल. पाडायचं असंल तर पाड. पण भाडेकरूची पेटी तर बाहेर ठेव ना भो!”

त्या दिवसापासून आप्पांना या विषयाने पछाडलं. भाच्याला रोज फोन. मग आम्हाला ओट्यावर अहवाल. ट्विटरचं (ते नवं नाव घेत नाहीत) त्यांना पटलं : तिथे मूळ पोस्ट काढली तरी उत्तरं जागेवर राहतात आणि वर पाटी लागते की ही पोस्ट लिहिणाऱ्याने काढली. रेडिट नावाचं एक ठिकाण आहे, तिथेही लिहिणाऱ्याचं नाव-मजकूर जातो, पण खालची चर्चा शाबूत असते. “याला म्हणतात दप्तर,” आप्पा म्हणाले. “नस्तीतलं पान काढायचं तर काढा. पण त्या जागी चिठ्ठी लावा. पान क्रमांक १४, अमक्याने काढलं, अमक्या तारखेला. पान गेलं तर चालेल, पानाचा नंबर जाता कामा नये.”

आमच्यात एक निवृत्त संस्कृतचे गुरुजी आहेत. ते म्हणाले, “आप्पा, चार्वाकांचं असंच झालं. त्यांचे ग्रंथ गेले. पण आपल्याकडे रीत अशी, की समोरच्याला खोडायचं तर आधी त्याचं म्हणणं नीट मांडायचं. पूर्वपक्ष. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह लिहिला, त्यात पहिलं प्रकरणच चार्वाकाचं. विरोधकांनी उत्तरं दिली म्हणून तर तो आज माहीत आहे.”

आप्पा बराच वेळ विचार करून म्हणाले, “म्हणजे जावकवरून आवक सिद्ध झाली.”

“तसं म्हणा.”

“मग भावी आपला चार्वाकच की.”

तूप आणि उधारी या दोन बाबतींत साम्य होतंच. माझ्या दुकानातली त्याची फलकांच्या झेरॉक्सची थकबाकी मला पाठ आहे.

तर ते दोनशे पानी रजिस्टर अशा विचारमंथनातून निघालं. रकाने आप्पांनी माझ्याच पट्टीने आखले : अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, मूळ मजकूर, हटवल्याची वेळ, आमचे उत्तर, वर्ग, शेरा. वर्गाचा रकाना म्हणजे कचेरीतली अ-ब-क-ड. ‘अ’ म्हणजे कायम जतन, ‘ब’ म्हणजे ३० वर्षं, असं उतरत ‘ड’ म्हणजे वर्षभराने नाश. भावीच्या सगळ्या पोस्टी ‘ड’मध्ये. “मी द्वेष नाही करी राहिला,” आप्पा म्हणायचे, “पण नोंद पाहिजे.” दोन महिन्यांत ९० पानं भरली.

ॲडमिनला या वहीची भयंकर धास्ती. तो मेडिकल चालवतो आणि मुळात भित्रा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका मुलीने फेसबुकवर मुंबई बंदविषयी लिहिलं आणि दुसरीने नुसतं लाइक केलं, तर दोघींना अटक झाली होती. त्यांच्यावर लावलेलं ते कलम पुढे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, पण याच्या पोटातला गोळा रद्द झाला नाही. (आप्पांच्या मते लाइक हेही उत्तरच, फक्त टाइप न केलेलं.) २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला धरता येत नाही, त्याच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं. त्या निकालाची बातमी त्याने लॅमिनेट करून काउंटरच्या काचेखाली ठेवली. लॅमिनेशन माझ्याकडेच केलं. आणि पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपने ॲडमिनला कुणाचाही मेसेज काढायचा अधिकार देऊन टाकला! तेव्हापासून तो झोपलेला नाही. “आधी हातात काही नव्हतं म्हणून सुटलो,” तो म्हणतो, “आता हातात दिलंय ना.”

इथवर सगळं गमतीचं होतं. मग आलं रक्ताचं प्रकरण.

गल्लीतल्या एका मुलीने ग्रुपवर टाकलं : आई दवाखान्यात आहे, बी निगेटिव्ह रक्त हवं, संपर्क अमुक. नंबर पहिल्याच ओळीत. आप्पांनी लगेच मेसेज उजवीकडे ओढला आणि खाली लिहिलं : ‘संदर्भीय संदेशास अनुसरून, माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह असल्याने असमर्थता कळवण्यात येते.’ संध्याकाळपर्यंत रक्त मिळालं. पोरीने आपला मेसेज पुसला, सगळ्यांचे आभार मानले. पण आप्पांच्या डोक्यावरच्या चौकटीत तिचा नंबर शाबूत. कुणीतरी आप्पांच्या उत्तराचाच फोटो काढून पुढे ढकलला. महिनाभर तिला फोन येत होते. काही खरे रक्तदाते. काही रात्री साडेबाराचे, ज्यांना रक्ताशी देणंघेणं नव्हतं.

ती ओट्यावर आली. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, “आप्पा, मी माझं काढून घेतलं होतं. ते तुमच्या उत्तरात अडकलंय.”

आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा डिलीटचं बटण शोधलं. मुदत संपून तीन आठवडे झालेले. आता फक्त स्वतःच्या मोबाईलमधून काढता येत होतं. इतर दोनशे सतरा मोबाईलमध्ये तो नंबर आप्पांच्या साक्षीने बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी लुना काढली. नवीन रजिस्टर, तेही माझ्याकडूनच. दारोदार. “मोबाईल काढा. इथे वर जा. अजून वर. हा माझा मेसेज. दाबून धरा. काढा. आता इथे सही.” सहीच्या वर आप्पांच्या अक्षरात मजकूर छापल्यासारखा : ‘सदर संदेश मी माझ्या मोबाईलमधून स्वखुशीने काढून टाकला आहे.’ नेरीला गेले, पहूरला गेले, शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं दर्शन आणि सात सह्या. प्रत्येक घरी चहा. तिसऱ्या दिवशी पित्त. सुरत-पुण्याच्या लोकांनी फोनवर काढलं, त्यांच्यापुढे ‘तोंडी’ असा शेरा. एक म्हातारे बाबा होते, त्यांना मेसेज काढता काढता नातवाचे सगळे फोटो निघून गेले. त्यांच्याकडे आप्पा दोनदा गेले, दुसऱ्यांदा नातवाला घेऊन.

नवव्या दिवशी भावीकडे. मी सोबत होतो.

भावीने मोबाईल काढला, मुकाट्याने मेसेज काढला, सही केली. मग म्हणाला, “आप्पा, पोरीचं जसं तुम्ही पुसताय, तसं माझंही त्या वहीतनं पुसा ना. मीही माझं काढूनच घेतलं होतं.”

मला वाटलं, आता आप्पा अडकले. पेच बरोबर होता. मला स्वतःलाही त्याचं उत्तर सुचत नव्हतं.

आप्पांनी लुनाच्या सीटवर दोन्ही रजिस्टरं ठेवली. “तिने नंबर मागे घेतला. तो तिचा होता. तू रस्ता मागे घेऊन राहिला. रस्ता तुझा होता का?”

भावी हसला. पण आप्पा नाही हसले. घरी आल्यावर त्यांनी जुन्या वहीतला ‘मूळ मजकूर’ हा रकाना चार दिवस बघितला. शेवटी ज्याच्यात कुणाचं घरचं, दुखण्याचं, पैशाचं काही होतं ते मजकूर पट्टी लावून, शाईने, एकेक ओळ बंद केले. तारीख ठेवली, नाव ठेवलं नाही, आपलं उत्तर ठेवलं. भावीचे रस्ते आणि शाळा तशाच. वर्ग ‘ड’.

यानंतर महिन्याभराने, रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी, आप्पांचा एक मेसेज ग्रुपवर आला. मी दहालाच झोपतो. सकाळी पाहिलं तर करडी ओळ : ‘हा मेसेज डिलीट केला आहे.’ खाली उत्तरं मात्र होती. पहूरवाल्याचं गुलाबाचं फूल. गुरुजींचे जोडलेले हात. सुरतवाल्याचं ‘आप्पा, चुकून इकडे आलं वाटतं!’ ॲडमिनचं ‘कृपया वैयक्तिक मेसेज ग्रुपवर टाकू नयेत’ आणि त्याखाली त्याचंच ‘सॉरी आप्पा, राहू द्या’. भावीने नुसता एक हृदयाचा बदाम टाकलेला, तो माणूस जन्मात राजकारणाखेरीज बदाम वापरत नाही.

आणि सगळ्यांत खाली काकू. काकू ग्रुपवर आहेत हेच आमच्या लक्षात नव्हतं. त्या कधी काही लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं : ‘माहीत होतं मला. झोपा आता.’

मी ॲडमिनला विचारलं, काय होतं रे? तो म्हणाला, डिलीट केलंय ना त्यांनी. गुरुजींनी विषय बदलला. शेवटी भावीला गाठलं; हा तर नक्की सांगेल. भावी म्हणाला, “त्यांनी काढून घेतलंय भो,” आणि माझी थकबाकी चुकती केली. सगळी नाही. निम्मी.

११ वाजता आप्पा दुकानात आले. रिफिल हवी होती. पैसे काढायला त्यांनी रजिस्टर काउंटरवर ठेवलं आणि पान उघडं राहिलं. मी बघायला नको होतं. अनुक्रमांक ३१२. दिनांक कालचा. कोणाकडून : स्वतः. मूळ मजकूर : निरंक. उत्तराच्या रकान्यात काकूंची दोन्ही वाक्यं, बारनिशीच्या स्वच्छ अक्षरात, पूर्णविरामांसकट.

वर्ग : अ.